स्वाध्याय बदलला, उत्तर कोठे शोधायचे?

(शिक्षकांच्या मेळाव्यातील भाषणाचा संपादित अंश)



अभ्यासक्रम बदलला की चर्चा होते ती धड्यांची. कोणता धडा गाळला, कोणता आला, यावर वाद रंगतात. धड्याच्या शेवटी येणाऱ्या स्वाध्यायाकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. वास्तविक विद्यार्थ्याची बुद्धी घडते ती तेथेच. धडा सांगतो, स्वाध्याय विचारतो.

आपल्या पिढीचा भूगोल ‘रिकाम्या जागा भरा’, ‘जोड्या लावा’ आणि ‘भौगोलिक कारणे द्या’ यांत सामावलेला होता. यांतील शेवटचा प्रश्नप्रकार मुळात उत्तमच. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तीस-पस्तीस किलोमीटरवरील वाईला हजार मिलिमीटरही पडत नाही. असे का? नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्री चढताना बरसतात आणि घाट उतरताना कोरडे होतात. हा कार्यकारणभाव उमगला की ‘पर्जन्यछाया’ हा शब्द घोकावा लागत नाही. परंतु परीक्षेने त्याचेही चार ओळींचे ठरीव उत्तर करून टाकले.

२००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने घोकंपट्टीपासून दूर जाण्याचा आणि शाळेबाहेरील जीवनाशी ज्ञान जोडण्याचा आग्रह धरला. महाराष्ट्राचा आराखडा २०१० मध्ये आला. त्यानंतरच्या ‘बालभारती’च्या भूगोलात ‘सांगा पाहू’, ‘करून पहा’, ‘जरा डोके चालवा’ अशा चौकटी धड्याच्या पोटातच आल्या. २०१८ च्या दहावीच्या पुस्तकाचा आरंभ क्षेत्रभेटीने होतो आणि पुढे भारत व ब्राझील यांची तुलना नकाशे व आलेखांच्या आधारे करावी लागते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर, २०२४ मध्ये आलेल्या एनसीईआरटीच्या सहावीच्या सामाजिक शास्त्राच्या पुस्तकात इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र एकत्र आले. रेखावृत्तांच्या संदर्भात उज्जयिनीच्या प्राचीन मध्यरेषेचा परिचयही त्यात आहे. ग्रीनिचच्या कितीतरी आधी या भूमीत कालगणनेसाठी रेषा निश्चित झाली होती, हे मुलाला कळणे उचितच आहे.

दिशा योग्य आहे. मग अडते कोठे? अडते ते आपल्यापाशी. क्षेत्रभेटीचा अहवाल मार्गदर्शकातून उतरवून घेतला, तर नव्या स्वाध्यायाचे जुने पाठांतर व्हायला वेळ लागत नाही. २०२३-२४ पासून आपल्या राज्यात पाठ्यपुस्तकांत नोंदींसाठी कोरी पाने देण्यात आली आणि २०२५ मध्ये तो निर्णय मागे घेण्यात आला. कोरे पान स्वतः काही शिकवत नाही. त्यावर काय लिहायचे, हे मुलाला सुचावे लागते; आणि सुचण्यासाठी त्याने काही पाहिलेले असावे लागते.

म्हणून माझे आवाहन साधे आहे. वर्षातून एकदा तरी मुलांना गावच्या ओढ्यापर्यंत न्या. पाणी कोठून येते, कोठे जाते, ते कोणी अडवले, हे त्यांनाच शोधू द्या. विहिरीची पातळी पावसाळ्यापूर्वी आणि नंतर मोजायला लावा. त्या नोंदींवर परीक्षेत एखादा प्रश्न विचारा. त्याचे उत्तर कोणत्याही मार्गदर्शकात छापलेले नसेल. चूक उत्तरही मुलाचे स्वतःचे असेल, तर त्यावर वर्गात चर्चा करा.

मातृभूमीला आपण वंदन करतो. परंतु जिची नदी, माती आणि पाऊस यांची ओळख नाही, तिच्यावरील प्रेम घोषणेपुरतेच उरते. ती ओळख करून देण्याचे काम भूगोलाच्या स्वाध्यायाचे आहे, आणि तो स्वाध्याय सोडवून घेणारे हात तुमचे आहेत.