देणगीची शाळा आणि वाडीचा पट

(पौड येथे मुळशी तालुक्यातील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर.)



वंचित मुलांसाठी देणग्यांवर शाळा चालविण्याचा अनुभव मी आपल्यापुढे मांडावा, अशी आज्ञा झाली आहे. आयुष्यभर मी महाविद्यालयात सार्वजनिक आयव्यय हा विषय शिकविला आणि निवृत्तीनंतर याच तालुक्यातील एका लहान शाळेचा खजिनदार झालो. काही मुले आमच्या वसतिगृहात राहतात, बाकीची गाडीने येतात. खर्चाचे भांडवली आणि आवर्ती असे दोन रकाने फळ्यावर पाडणे निराळे, आणि महिनाअखेरीस त्यांतील आवर्ती रकान्यापुढे कोणता आकडा लिहावा या विवंचनेत रात्र काढणे निराळे, हे मला साठीनंतर कळले. धनिकांच्या पैशावर शाळा चालविणे म्हणजे समाजवाद्याने केलेली तडजोड होय, असे तुमच्यापैकी एका तरुण मित्राने मघाशी चहाच्या वेळी मला ऐकविले. त्याला मी उत्तर देणार आहे. मात्र ते त्याच्या अपेक्षेपेक्षा अधिक कडू असेल.

प्रारंभी या भूमीविषयी थोडे सांगतो. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली येथे सत्याग्रह सुरू झाला आणि १९२४ पर्यंत तो चालला, हे तुम्हांला पाठ आहे. टाटांचे धरण झालेच. मुळा-निळेच्या खोऱ्यातले पाणी पश्चिमेला वळवून कड्यावरून भिऱ्याला सोडण्यात आले आणि त्याची वीज मुंबईकडे गेली. त्या लढ्याचे एक अंग मात्र आपण फारसे आठवीत नाही. बुडणाऱ्या जमिनींपैकी बरीच जमीन सावकारांच्या नावे होती. मोबदल्याची गोष्ट निघताच त्यांचे हितसंबंध कसणाऱ्या मावळ्यांपासून अलग पडले. ज्याचे नाव कोणत्याच कागदावर नव्हते, त्या कातकऱ्याला मोबदला तरी कशाचा मिळावयाचा? त्याच्या अनेक वाड्या आजही दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर उभ्या आहेत. दिवाळीनंतर तो उचल घेऊन वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जातो आणि पावसाच्या तोंडावर परततो. मुले बरोबर जातात. जातीचा दाखला नाही म्हणून सवलती नाहीत, आणि पूर्वजांच्या नोंदी नाहीत म्हणून दाखला नाही. या चक्रात सापडलेल्या मुलांसाठी आमची शाळा निघाली. याच तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला हिंजवडीची संगणक-नगरी आहे. देणगीदार तिकडे आणि मुले इकडे, असा हा एकाच तहसिलीतील व्यवहार आहे.

आता पैशाविषयी. २०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून अमलात आले. ठरावीक मर्यादेपुढील कंपन्यांनी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी, असे ते सांगते. ज्यामागे कायद्याची सक्ती आहे त्याला दान म्हणता येत नाही, आणि ज्याच्या विनियोगावर लोकप्रतिनिधींचा अधिकार नाही त्याला करही म्हणता येत नाही. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा मोठा कुतूहलाचा प्राणी आहे. त्याच्या काही सवयी मला आता ठाऊक झाल्या आहेत. त्याला इमारत आवडते, संगणककक्ष आवडतो, ज्याच्यावर पाटी बसते ते सारे आवडते. डाळीवर पाटी बसत नाही. गाडीच्या डिझेलवर बसत नाही. मास्तराच्या पगारावर तर नाहीच नाही. शिवाय चालू प्रकल्पाची मुदत कायद्याच्या नियमांनी आरंभाचे वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षांची केली आहे. मूल पहिलीत येते ते दहावी होऊन बाहेर पडते. म्हणजे त्याची दहा वर्षे या तीन-तीन वर्षांच्या तुकड्यांनी जोडावयाची असतात, आणि प्रत्येक जोडाच्या ठिकाणी नवा प्रस्ताव, नवी छायाचित्रे आणि नव्या साहेबांची भेट असते. छायाचित्रात मूल हसत असावे, पण त्याची गरिबीही दिसावी, अशी सूचना आम्हांला एकदा आली होती. आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी त्या पत्राला उत्तर दिले नाही, याचे मला समाधान आहे.

२०२० च्या टाळेबंदीत या पैशाचा स्वभाव पुरता उघडा पडला. मार्चअखेरीस केंद्र सरकारने पंतप्रधानांच्या नव्या निधीला दिलेली रक्कम या दोन टक्क्यांत धरली जाईल असे स्पष्ट केले. आम्हांला नियमित साहाय्य करणाऱ्या एका कंपनीने त्या वर्षीची सारी रक्कम तिकडे वळविली आणि तसे सभ्य भाषेत कळविले. त्यात बेकायदेशीर काही नव्हते. आम्ही सात महिने निम्मे पगार दिले. दोन शिक्षक गेले; त्यांपैकी एक आज घोटावडे फाट्यावर स्वतःची रिक्षा चालवितो आणि भेटला की माझ्याकडून पैसे घेत नाही. मला ते फार लागते. कारण एक गोष्ट मी आमच्या कोणत्याही अहवालात लिहिलेली नाही, ती येथे सांगतो. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला जे वेतन मिळते त्याच्या निम्मेही आम्ही देऊ शकत नाही. आमचा दरडोई खर्च कमी म्हणून देणगीदार आमचे कौतुक करतात; तो कमी कशामुळे आहे, हे विचारीत नाहीत. आमच्या शाळेचा सर्वांत मोठा देणगीदार आमचा शिक्षक आहे. त्याच्या नावे पावती फाडली जात नाही, एवढेच.

यावर कोणी म्हणेल की सरकारी अनुदानाचा तरी कोठे भरवसा आहे? प्रश्न रास्त आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेचे अनुदान १९४८ साली मुंबई सरकारने रोखले होते, आणि ते एका भाषणावरून. पण संस्थेला तोवर मूठमूठ धान्य देणाऱ्या घरांचा आधार होता. वसतिगृहातील मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी आपले सौभाग्यलेणेही मोडले होते. दुसरीकडे धोंडो केशव कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे नाव मिळाले. मी यास दोष देत नाही. त्या नावाखाली हजारो मुली शिकल्या. माझे म्हणणे एवढेच, की अनुदान बंद झाले तर विधानसभेत प्रश्न विचारता येतो, मोर्चा नेता येतो. देणगी बंद झाली तर मागील साहाय्याबद्दल आभाराचे पत्र पाठवावे लागते.

परंतु मित्रहो, हे सारे दुःख पैशाचे आहे, आणि पैशाचे दुःख सांगण्याची आपल्याला सवय आहे. मला खरे सांगावयाचे आहे ते निराळे, आणि त्यात दोष माझा आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या गाडीत बारा जागा रिकाम्या असत. मी समितीपुढे कागद मांडला. गाडी जातेच आहे, चालक आहेच, वर्गात बाक आहेत. आणखी बारा मुले घेतली तर वाढणारा खर्च नगण्य. सीमान्त खर्चाचा सिद्धान्त मी तीस वर्षे शिकविला होता. आता तो उपयोगी पडला म्हणून मला आनंद झाला. गाडी धरणाच्या काठाने पुढे तीन वाड्यांपर्यंत नेली. दरडोई खर्च उतरला, लाभार्थींची संख्या वाढली, देणगीदार संतुष्ट झाले.

दुसऱ्या वर्षी जुलैत, पाऊस कोसळत असताना, त्यांतल्या एका वाडीवरील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक माझ्याकडे आले. भिजलेली छत्री दाराबाहेर ठेवून बसले. म्हणाले, “सर, तुमची गाडी येते आणि माझ्या हजेरीपटावरची नावं घेऊन जाते.” त्यांचा पट अकरा होता तो सहावर आला होता. गेलेली पाच मुले कोणाची? ज्यांच्या घरी थोडी जमीन आहे, बाप कंपनीत हंगामी कामाला आहे, जे सकाळी सात वाजता मुलाला आंघोळ घालून फाट्यावर उभे करू शकतात, त्यांची. राहिलेली सहा कोणाची? सहाही कातकऱ्यांची, दिवाळीनंतर भट्टीवर जाणाऱ्यांची. म्हणजे ज्या मुलांच्या नावावर आम्ही देणगी मागत होतो, नेमक्या त्याच मुलांची शाळा आम्ही पोकळ करीत होतो. दुसऱ्या शिक्षकांची बदली झाली. गुरुजी एकटे उरले. चार इयत्ता, पोषण आहाराचा हिशेब आणि गळके छप्पर यांच्यासह.

माझ्या कागदात हा खर्च कोठेच नव्हता. बाह्य परिणाम म्हणून पाठ्यपुस्तकात त्यावर स्वतंत्र प्रकरण असते. ते मी शिकविलेलेही होते.

त्यानंतर २०२३ चा सप्टेंबर आला. त्या महिन्यात राज्याच्या शिक्षण खात्याने वीस व त्याहून कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळांचे प्रस्ताव मागविले. नमुना म्हणून आपल्या शेजारच्या पानशेतचे नाव पुढे केले गेले. त्याच महिन्यात शाळा दत्तक देण्याचा शासननिर्णय निघाला. ठरावीक रकमेचे साहाय्य करणाऱ्याचे नाव काही वर्षांसाठी सरकारी शाळेला जोडता येईल, अशी त्यात सोय होती. दोन्ही कागद मी शेजारी ठेवून वाचले. लहान शाळा दूर न्यावयाच्या आणि मोठ्यांना पाटी लावावयाची. ‘आमच्या शाळेतील देणगी’ हा प्रश्न तेथून ‘राज्याच्या शाळांतील देणगी’ असा झाला. शिक्षणहक्काच्या कायद्याने, म्हणजे २००९ च्या, पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत असावी अशी जबाबदारी महाराष्ट्राच्या नियमांत शासनावर येते. पावसाळ्यात ओढा भरल्यावर मुळशीच्या पश्चिमेकडचा एक किलोमीटर किती लांबतो, हे नकाशावरून दिसत नाही. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे म्हटले होते, की सरकारी महसूल रयतेच्या श्रमातून येतो आणि शिक्षणावरील खर्च वरच्या वर्गांच्या पदरात पडतो. वाडीवरची बाई साबण घेताना आजही कर भरते. तिच्या मुलाची शाळा ही तिची स्वतःची, भरलेल्या पैशाची वस्तू आहे. ती आमच्या कृपेची नव्हे.

आम्ही काय केले? समितीची बैठक चार तास चालली. जेथे जिल्हा परिषदेची शाळा जिवंत आहे तेथील चौथीपर्यंतची मुले घ्यावयाची नाहीत, असे ठरले. पाचवीपासून घ्यावीत, कारण तेथे वाडीची शाळा संपते आणि गळती सुरू होते. आणि भट्टीवर जाणाऱ्यांची मुले दिवाळी ते जून आमच्या वसतिगृहात राहावीत, पण त्यांचे नाव वाडीच्या पटावरच असावे. ही शेवटची गोष्ट बोलायला सोपी आहे. तिची परवानगी मिळविण्यासाठी मी पंचायत समितीचे किती जिने चढलो ते माझ्या गुडघ्यांना ठाऊक आहे.

देणगीदारांपैकी एकाने हात आखडला. लाभार्थी कमी झाले, दरडोई खर्च वाढला. त्याच्या तक्त्यात आम्ही नापास झालो. ते सोसता आले. सोसता आले नाही ते दुसरेच. गाडी बंद झाल्यावर एक बाई शाळेत आली. तिचा थोरला आमच्याकडे होता, धाकटीला प्रवेश नाकारला होता. ती म्हणाली, “सर, माझ्या पोरीनं काय तुमची सरकारी शाळा वाचवायची?” तिच्या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हते. माझी नातवंडे पुण्यात कोणत्या शाळेत जातात, हे तिने विचारले नाही, हा तिचा थोरपणा. चांगली शाळा शोधण्याचा अधिकार मला आहे आणि तिला नाही, असे मी कोणत्या तोंडाने म्हणावे? आधी घेतलेली मुले आम्ही ठेवून घेतली. धाकटी वाडीवरच्या शाळेत बसली.

म्हणून माझ्या तरुण मित्राला सांगतो, देणगी घेतल्याने तडजोड होते ती खरी, पण ती पैशाच्या उगमाशी होत नाही. ती प्रवेशाच्या दिवशी, गाडी कोणत्या फाट्यावर वळवावी हे ठरविताना होते. आणि तेथे तुम्ही कोणी हजर नसता. त्या वाडीच्या शाळेत व्यवस्थापन समिती आहे. कायद्याने तिच्यात तीनचतुर्थांश पालक असावेत. ती कागदावर आहे. सह्या घरोघर फिरवून घेतल्या जातात. छपराचा अर्ज तिच्या ठरावावाचून पुढे जात नाही, दुसऱ्या शिक्षकाची मागणी जात नाही. सहा कुटुंबांच्या दाखल्यांसाठी जुन्या नोंदी शोधावयाच्या आहेत. त्याला तहसील कचेरीत दिवस घालवू शकणारा माणूस हवा. ही कामे आमच्या शाळेने केली तर त्याचीही उद्या पाटी होईल. ती तुम्ही करावीत.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आमची प्रवेशाची बैठक आहे. गुरुजींचा पट सध्या नऊ आहे. त्या बाईने धाकटीसाठी पुन्हा अर्ज दिला आहे. ती आता तिसरीत जाईल. एका नव्या देणगीदाराचे पत्रही आले आहे, त्याला गाडी घेऊन द्यावयाची आहे, मोठी, चाळीस आसनांची. पत्राचे उत्तर मी अद्याप लिहिलेले नाही.