मेंदूतील सोबती पेशी

(वार्षिक संमेलन, धाराशिव येथील भाषण)



माझ्या वडीलबंधूंस पक्षाघात झाला, तेव्हा मेलेली मज्जापेशी पुन्हा उगवत नाही, असे वैद्यांनी सांगितले. मेंदूत मज्जापेशींचे पोषण व राखण करणाऱ्या तारकापेशीही असतात. गर्भात दोहोंचा उगम एकाच मूळपेशीतून होतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. शुभा टोळे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली उंदरांच्या गर्भावरील प्रयोगांतून दाखविले की, ‘एलएचएक्स-२’ हे जनुक काढून घेतल्यास स्मृतिकेंद्रातील मूळपेशी अकालीच तारकापेशी घडवू लागतात. ते वाढविल्यास मज्जापेशींची घडण लांबते.

मग प्रौढ मेंदूतील तारकापेशींची मज्जापेशी करता येईल काय? २०२० साली उंदरांत हे साधल्याचे जाहीर झाले. २०२१ मध्ये इतरांनी तपासता, नव्या वाटलेल्या पेशी जुन्याच निघाल्या. शोध चालू आहे. रुग्णांसाठी हा उपचार अद्याप सिद्ध झालेला नाही. त्याच्या नावाने कोणी पैसे मागितल्यास शेत विकू नका.

तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, वाचा अडखळणे, यांपैकी काहीही दिसताच रुग्णालय गाठा. रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध सामान्यतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. आम्ही मात्र त्या रात्री पहाटेपर्यंत अंगारा लावीत बसलो होतो.