निद्रा, प्रमाद आणि औषध

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील आरोग्यविषयक भाषण)



मद्य, विषय, कषाय, निद्रा आणि विकथा हे प्रमादाचे पाच प्रकार श्रावक-श्राविकांना परिचित आहेत. भगवान महावीरांनी गौतम गणधरांना क्षणमात्रही प्रमाद न करण्याचा उपदेश केला. त्यामुळे प्रवचनात डोळा लागलेल्या तरुणास ‘प्रमादी’ म्हटले जाते. परंतु काहींची निद्रा हा प्रमाद नसून व्याधी असते. आणि तिच्यासाठी विधिवत घेतलेले औषध हे व्यसन नव्हे. हा विवेक समाजात रुजणे अगत्याचे आहे.

या व्याधीस नार्कोलेप्सी म्हणतात. फ्रेंच वैद्य जेलिनो यांनी १८८० साली तिला हे नाव दिले. रात्री झोप घेऊनही दिवसा, बोलता-लिहितानासुद्धा, अनावर झोप येते. काही रुग्णांच्या गुडघ्यांतील बळ मनमोकळे हसताच जाते; शुद्ध मात्र कायम असते. प्रारंभ पुष्कळदा विद्यार्थिदशेत होतो आणि आळशीपणाचा शिक्का तेव्हाच बसतो. जागेपण टिकवून धरणारे ओरेक्सिन हे मेंदूतील द्रव्य १९९८ साली ज्ञात झाले. अनेक रुग्णांत ते निर्माण करणाऱ्या पेशी मोठ्या प्रमाणात नष्ट झालेल्या असतात, हे २००० साली दिसून आले. नष्ट झालेल्या पेशी निश्चयाच्या बळावर परत येत नाहीत.

कर्मग्रंथांत दर्शनावरणीय कर्माच्या नऊ भेदांपैकी पाच निद्रेचे आहेत. बसल्या-उभ्या येणारी ती प्रचला, चालताना येणारी ती प्रचलाप्रचला. शास्त्रातील भेद आणि वैद्यकीय निदान एकच मानू नये; तथापि सर्व निद्रा एकाच जातीची नसते, हे पूर्वाचार्यांनी जाणले होते. ‘कर्माचा उदय आहे, मग औषध कशाला?’ असे कोणी विचारील. भगवान ऋषभदेवांच्या जीवाने पूर्वभवात जीवानंद वैद्य होऊन व्याधिग्रस्त मुनींवर उपचार केले, ही कथा त्याचे उत्तर होय.

मोडाफिनिल, मेथिलफेनिडेट यांसारखी उत्तेजक औषधे जागेपण देतात, मूळ व्याधी बरी करीत नाहीत. ती थांबविताच झोप परतते. म्हणून वर्षानुवर्षे घ्यावी लागतात. मधुमेही रोज इन्सुलिन घेतो, त्यास कोणी व्यसनी म्हणत नाही. मद्य भान हरपविते, हे औषध रुग्णास भानावर ठेवते. तरीही दुरुपयोगाचे भय खोटे नाही; मेथिलफेनिडेट तर अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत येते. मात्रा आपल्या मनाने वाढवू नये. परीक्षेच्या जागरणासाठी दुसऱ्याची गोळी घेणे सर्वथा त्याज्य होय. रक्तदाब, नाडी, भूक व मनःस्थिती यांची डॉक्टरांकडून वेळोवेळी तपासणी व्हावी.

व्रतांचे काय? ही औषधे सामान्यतः सकाळी व दुपारी घेतात. संध्याकाळी घेतल्यास रात्रीची झोप बिघडते. त्यामुळे रात्रिभोजनत्यागास बाध येत नाही. अठाई किंवा उपवास करण्यापूर्वी मात्र डॉक्टर व गुरुमहाराज या दोघांनाही विचारावे. प्रत्याख्यानात समाधी टिकविण्यासाठी आगार ठेवलेला आहेच. औषध सोडून स्कूटर चालविणाऱ्याचा डोळा लागला, तर स्वतःचा आणि पादचाऱ्याचाही प्राण जाऊ शकतो. त्या दिवशी औषध घेणे वा वाहन न चालविणे, हेही अहिंसेचेच पालन होय.

केवळ गोळीने सर्व साधत नाही. दुपारी पंधरा-वीस मिनिटांची ठरावीक झोप अनेकांना उपकारक ठरते. धार्मिक शिबिरांत अशा साधर्मिकासाठी एखादा शांत कोपरा राखून ठेवता येईल. रुग्णाची सेवा म्हणजे वैयावृत्त्य, आणि ते आभ्यंतर तप आहे. सामायिकात पेंगणाऱ्यास हसण्याऐवजी त्याची आस्थेने विचारपूस करावी, दिवसा अनावर झोप येत असल्यास त्यास निद्राविकारांच्या डॉक्टरांकडे न्यावे आणि त्याच्या औषधावरून त्यास कोणी हिणवू नये, एवढीच सकल संघास नम्र विनंती.

जय जिनेंद्र!