सुजलेला हात आणि लपवलेला चट्टा



कापसाच्या भावावर आपण नेहमीच बोलतो. आज तो कापूस वेचणाऱ्या हाताबद्दल बोलायचं आहे.

आमच्यातल्याच एका भावाचा हात ऐन वेचणीत लाल झाला, सुजला. आम्ही सगळे म्हणालो, पऱ्हाटीची काडी लागली, आत पू झाला. एकाने चिरा दिला. पू निघालाच नाही. जंतू मारणाऱ्या गोळ्या झाल्या, तरी सूज उतरेना. करंगळी वाकडी व्हायला लागली तेव्हा कळलं की हा कुष्ठरोगातला उद्रेक आहे. डॉक्टर त्याला 'रिअ‍ॅक्शन' म्हणतात. त्याच हातावर वर्षभर एक बधिर चट्टा होता. त्याने लाजेपोटी दाखवला नाही, आम्ही विचारला नाही.

विदर्भाला हा रोग नवा नाही. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ साली काम सुरू केलं. पुढे वरोऱ्याला बाबा आमट्यांनी आनंदवन उभारलं. डिसेंबर २००५ मध्ये देशातलं प्रमाण दहा हजारांत एकापेक्षा खाली आलं. पण कमी झाला म्हणजे संपला नाही.

रिअ‍ॅक्शनमध्ये होतं काय? डुकरांमागे धावणाऱ्या राखणदारानेच उभं पीक तुडवावं, तसं होतं. रोगाच्या जंतूंवर, मेलेल्यांवरसुद्धा, शरीर तुटून पडतं आणि त्यात आपलीच कातडी आणि नसा सुजतात. उपचार चालू असताना किंवा संपल्यावरही हे होऊ शकतं. म्हणून औषध बाधलं असं समजून गोळ्या सोडू नका. सूज उतरवणारं औषध वेळेवर मिळालं तर नस वाचते. उशीर झाला तर बोटं जातात. हे उपचार सरकारी दवाखान्यात फुकट आहेत.

पायोडर्मा गँग्रिनोसम नावाचा एक विरळा आजारही असाच फसवतो. जखम सडल्यासारखी दिसते, पण कापावी तितकी ती वाढतच जाते.

मग प्रत्येक सूज अशीच समजायची का? मुळीच नाही. सूज तासातासाने पसरत असेल, दुखणं असह्य असेल, कातडी काळी पडत असेल, तर तो खरा जंतुसंसर्ग असू शकतो. त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा. तिथे कापावंच लागतं, आणि सूज उतरवणारी गोळी मनाने घेतली तर जिवावर बेतते.

निवाडा डॉक्टरांनी करायचा. आपण चिरा द्यायचा नाही आणि चट्टा लपवायचा नाही. हात गेला तर भाव मिळूनही काय उपयोग?