गर्द सुटताना : स्त्रीचे शरीर, पुरुषाचे शरीर



पाचव्या शीलाविषयी आपण येथे पुष्कळ ऐकले आहे. मी आज शरीराविषयी बोलणार आहे. १९८२ च्या गिरणी संपानंतरच्या वर्षांत नायगाव-परळच्या वस्त्यांत गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, शिरली आणि 'गर्दुल्ला' हा शब्द आपल्या तोंडी बसला. त्याचे स्त्रीलिंगी रूप कोणी ऐकले आहे का? मी तरी नाही. माझे म्हणणे इथूनच सुरू होते.

अफूपासून होणारी द्रव्ये मेंदूच्या पेशींवर ज्या जागी चिकटतात त्यांना रिसेप्टर किंवा ग्राही म्हणतात. त्या खरोखर असतात हे १९७३ मध्ये सिद्ध झाले. रोज गर्द मिळू लागली की ग्राही पूर्वीसारखी दाद देत नाहीत, मात्रा वाढते. मेंदूच्या खोडातील 'लोकस सेरुलियस' या भागातील पेशींना गर्द दाबून ठेवते. त्या दाबाविरुद्ध पेशी जास्त जोर लावायला शिकतात. पुडी बंद झाली की दाब जातो, जोर मात्र राहतो. मग नाक-डोळे वाहतात, अंगावर काटा येतो, जुलाब होतात, हाडे ठणकतात, झोप उडते. मुले याला 'टर्की' म्हणतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती शिगेला पोहोचते. घरचे म्हणतात, "नाटकं करतोय." ते नाटक नव्हे.

आता गंमत पाहा. हे ज्ञान बहुतांशी नर उंदरांवरून आणि पुरुष रुग्णांवरून मिळालेले आहे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील पेट स्कॅनच्या अभ्यासात मेंदूच्या अनेक भागांत 'म्यू' ग्राहींचे प्रमाण स्त्रियांत जास्त दिसले. रजोनिवृत्तीनंतर काही भागांत ते उतरले. म्हणजे अंडाशयातील संप्रेरकांचा येथे हात असावा. मॉर्फिन थांबवल्यावर नर उंदरांना जास्त त्रास झाल्याचे प्रयोग आहेत, पण सर्व प्रयोग एकमुखी नाहीत. त्यावरून बाईला कमी त्रास होतो असे कृपया कोणी समजू नये. उंदीर घरची धुणीभांडी करीत नाही आणि सासूपासून काही लपवीतही नाही.

एक गोष्ट मात्र भगिनींनी पक्की लक्षात ठेवावी. गर्दने किंवा तत्सम गोळ्यांनी अनेकींची पाळी अनियमित होते, कधी थांबते. त्यामुळे दिवस गेले तरी कळत नाही. आणि गरोदरपणी हे व्यसन एकदम तोडणे धोक्याचे असते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन देतात. व्यसन सुटले की पाळी परतते, तेव्हाही सावध राहावे. शिवाय, स्त्री असो वा पुरुष, काही दिवस बंद ठेवून पुन्हा जुनीच मात्रा घेतली तर श्वास थांबून मृत्यू येऊ शकतो.

केंद्र शासनाच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात अफूवर्गीय पदार्थ घेणारे शंभरात सुमारे ४ पुरुष आढळले, तर स्त्रिया हजारात सुमारे २. आकडा खोटा आहे असे मी म्हणत नाही. पण घरातील माणसांसमोर विचारल्यावर कोणती सून हो म्हणेल? पुण्याचे मुक्तांगण १९८६ मध्ये सुरू झाले; स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग त्यानंतर कितीतरी वर्षांनी आला.

प्रश्न असतील तर जरूर विचारावेत. ज्या भगिनींना सर्वांसमोर विचारणे अवघड वाटते, त्यांच्यासाठी कार्यक्रम संपल्यावर मी जिन्याजवळ थांबणार आहे.