कापूर खाणारा जिवाणू आणि मालकीचा प्रश्न



आरतीचा कापूर इथे बसलेल्या बऱ्याच जणांच्या घरातून केव्हाच गेला, पण आज बोलायचे आहे ते त्याच्याविषयीच.

स्यूडोमोनास पुटिडा या जिवाणूची एक जात कापूर खाऊन जगते. कापराचा रेणू हट्टी, त्यात सहजासहजी काही शिरत नाही. या जिवाणूकडे सायटोक्रोम पी-४५० जातीचे एक एन्झाइम आहे. त्याच्या पोटात हिमोग्लोबिनसारखेच हीममधले लोह असते. हिमोग्लोबिन ऑक्सिजन नुसता वाहून नेते. हे एन्झाइम तो फोडते. एक अणू कापराच्या नेमक्या पाचव्या कार्बनवर बसवते, दुसऱ्याचे पाणी होते. मग पुढची एन्झाइम्स रेणू मोडत जातात.

इलिनॉय विद्यापीठात गन्सालस यांच्या प्रयोगशाळेत यावर खूप काम झाले. कोलकात्याहून आनंद चक्रवर्ती १९६५ मध्ये तिथेच आले. ही जनुके प्लाझ्मिडवर, म्हणजे गुणसूत्राबाहेरच्या डीएनएवर असतात आणि एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जातात, हे त्यांनी सहकाऱ्यांसह १९७३ मध्ये प्रसिद्ध केले. दरम्यान जनरल इलेक्ट्रिकमध्ये त्यांनी कापूर, ऑक्टेन, सॅलिसिलेट आणि नॅफ्थॅलीन (आपली डांबरगोळी!) पचवण्याची ताकद एकाच जिवाणूत आणली आणि १९७२ मध्ये पेटंट मागितले. पद्धतीचे मिळाले, जिवाणूचे नाकारले. अखेर १६ जून १९८० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ते मान्य केले. गंमत म्हणजे तेलगळती साफ करायला तो जिवाणू कधीच समुद्रात सोडला गेला नाही.

ही गोष्ट मी वर्षानुवर्षे अभिमानाने सांगितली. १९९७ मध्ये माशेलकरांच्या सीएसआयआरने हळदीचे अमेरिकन पेटंट रद्द करवले, तेव्हाही टाळ्या वाजवल्या. दोन्हींचा मेळ बसतो का? हळदीचा गुण आजीला ठाऊक होता, हा जिवाणू नवा होता, हे मला पटते. पण त्यातले प्रत्येक जनुक निसर्गाचेच होते. नुसते वेगळे काढलेले जनुक पेटंटयोग्य नाही, असे त्याच न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटले. जोडणीचा प्रश्न तसाच राहिला.

मी तटस्थ नाही. एका एन्झाइमच्या पेटंटवर माझे नाव आहे, मालकी कंपनीची. घराचे हप्ते त्याच नोकरीवर फिटले. आईला हे सांगितले तेव्हा तिने विचारले, "अरे, पण त्यात तू काय केलंस?" म्हटले, "चारशेहून अधिक अमिनो आम्लांपैकी तीन बदलली."

"आणि बाकीची?"

तिला काय उत्तर द्यायचे, ते आता तुम्ही सांगा.