पिशवीत दोन वजने नकोत
(अभ्यासवर्गाचे शिक्षक व साहाय्यक यांच्यापुढे केलेले भाषण)



आज मी माझीच एक चूक सांगणार आहे. आपल्या पाड्यावरच्या अभ्यासवर्गात एक मुलगी होती. बाप वारलेला, आई ऊसतोडीला गुजरातेत. सहावीत असूनही तिला धड वाचता येत नव्हते. तरी तीन वर्षे मी तिच्या अहवालात 'चांगली प्रगती' असेच लिहिले. गांजलेल्या लेकराला आणखी कशाला दुखवा, असे वाटायचे. शिवाय अहवाल देणगीदारांकडे जातो, हेही मनात होतेच.

शिक्षण हक्क कायदा २०१० साली लागू झाला आणि आठवीपर्यंत नापास करणे थांबले. मूल शाळेतून गळू नये, वर्षभर मूल्यमापन करून मागे पडलेल्याला हात द्यावा, हा त्यामागचा हेतू. नापास करू नका म्हणजे खरे सांगू नका, असे नव्हे. मी मात्र तसाच अर्थ घेतला. नववीत ती नापास झाली. म्हणाली, "ताई, मला येत नाही हे आधी का नाही सांगितलं?"

त्याच वर्गातला एक मुलगा तोंडी गणिताची उत्तरे मावचीत द्यायचा. बाजारात मोहफुले विकताना त्याचा हिशोब कधी चुकत नसे. त्याला मी कमी गुण दिले. मी गणित तपासलेच नाही, भाषा तपासली.

लेवीय १९:१५ मध्ये बलवानाची भीड धरण्यास मनाई आहे, तशीच गरिबाची बाजू घेण्यासही आहे. अनुवादाचा २५ वा अध्याय पिशवीत दोन वजने ठेवू देत नाही. माझ्या पिशवीत ती होती.

आता आपण असे करतो. वाचन दुसरा शिक्षक तपासतो. गणिताचे उत्तर मुलाच्या बोलीत चालते. अहवालात तीनच गोष्टी लिहितो: काय येते, काय येत नाही, आम्ही काय करणार. आईबापांनाही तेच त्यांच्या बोलीत समोर बसून सांगतो.

साहाय्यकांनो, यापुढचे अहवाल कदाचित फिके वाटतील. हात आखडू नका. ते खरे असतील.

ती मुलगी आता संध्याकाळच्या वर्गाला येते. परवा तिने एक उतारा अडखळत वाचला. मी म्हटले, "चार शब्द चुकलीस. उद्या पुन्हा वाच." ती हसली, आणि दुसऱ्या दिवशी सर्वांत आधी येऊन बसली.

तिच्यासाठी आणि आम्हा शिक्षकांसाठी प्रार्थना करा.